बॉबकॅटचा श्रावण

नाही, सही मी करणार नाही, आणि तो कागद आधी देवापुढून उचल, आत्ताच पुसून घेतलंय तिथे — इकडे, टेबलावर ठेव. पेनसुद्धा घेऊन आलायस. म्हणजे काकू काही वाचायच्या नाहीत, बोट ठेवू तिथे सही करतील, असं ठरवूनच निघालास घरून. बस. चणे घे, जिवतीचे आहेत. श्रावणातला शेवटचा शुक्रवार, आज दारी आलेल्याला तसंच पाठवत नाही मी, मग तो माझ्या बॅकयार्डात पिंजरा लावायला आलेला का असेना. गूळ पण घे. डाएट वगैरे तुझ्या घरी, अनीश. दोन वर्षं झाली ना तुम्हाला शेजारी येऊन? दोन वर्षांत तू आलास एकदा पार्सल चुकून आमच्याकडे पडलं तेव्हा, एकदा बर्फ उडवायचं मशीन मागायला, आणि आज. तिन्ही वेळा काहीतरी न्यायलाच. मी मनात ठेवत नाही, पण लक्षात राहतं माणसाच्या.

आणि हे अंगात काय घातलंयस? वळ जरा. पाठीवर पण आहे का — आहे. बॉबकॅट, इकडचं रानमांजर. दात विचकलेले, पंजे बाहेर, डोळे लाल. हायस्कूलची आज पहिली मॅच, म्हणून घालून आलास, हो ना? तुमच्या गाडीला झेंडा, लॉनवर पाटी — इथे बॉबकॅट्स राहतात. अरे, तुझी आन्या दुसरीत आहे, तिला हायस्कूलला जायला सात वर्षं आहेत, आणि तुम्ही आत्तापासून बॉबकॅट. ह्या रस्त्यावरच्या चौदा घरांपैकी अकरा घरांपुढे ही पाटी आहे, आणि त्या अकराही घरांच्या सह्या तुझ्या कागदावर आहेत, बघितल्या मी. म्हणजे शर्टावर चालतो, झेंड्यावर चालतो, कॉफीच्या मगवर चालतो, शुक्रवारी त्याच्या नावाने घसा बसेस्तोवर ओरडलं तरी चालतं — खरा एक स्वतःच्या पायांनी आला की मात्र पिंजरा. नाही, मला समजावू नकोस. नागपूरहून आलास तू, तुमच्या आजूबाजूला पट्टेरी वाघ फिरतात म्हणून सुट्टीत मित्रांना अभिमानाने सांगत असशील, आणि इथे गुडघ्याएवढ्या जनावराला अकरा घरं मिळून भ्यायलात.

तू पाहिलंयस तरी का तिला? तिला, हो. मादी आहे ती. तुझ्या शर्टावरचा तो बैलासारखा आहे, ती तशी नाही. आपल्या मांजरापेक्षा दुप्पट फार तर, पाय लांब, पोट आत, शेपूट वीतभर — कोणी अर्ध्यात कापल्यासारखी. कानांच्या मागे पांढरा ठिपका असतो दोन्हीकडे. आणि चालते कशी माहितेय? मागचा पाय बरोब्बर पुढच्या पायाच्या ठशात ठेवते. बर्फात बघितलं तर वाटावं दोन पायांचं कोणीतरी एका रेषेत चालत गेलंय. क्रीकच्या, त्या मागच्या ओढ्याच्या पलीकडच्या झाडीतून येते, पडक्या कुंपणाखालून, माझ्या डेकच्या उजव्या पायरीवर. आवाज नाही काही नाही. म्हणून तर तुला पिंजरा माझ्याकडे लावायचाय ना — वाट माझ्याकडून आहे. पण वाट माझ्याकडून आहे म्हणजे गुन्हा माझा झाला का? — नाही, तू म्हणाला नाहीस. मीच म्हणतेय.

तो पिंजरेवाला मंगळवारी आला होता, तुझ्या बायकोबरोबर, सलोनीबरोबर उभा होता तुमच्या ड्राइव्हवेवर, तेव्हा मी जाऊन विचारलं त्याला. तू ऑफिसात होतास, हर्नडनला. म्हटलं, पकडून पुढे काय? डोंगरात नेऊन सोडणार? तो म्हणाला, मॅडम, इथलं जनावर दुसरीकडे नेऊन सोडायची मला परवानगी नाही. एक तर इथेच सोडायचं, नाहीतर — आणि मग सलोनीकडे बघून गप्प बसला तो. सलोनीने पण खाली बघितलं. तुमच्या कागदावर काय लिहिलंय? 'योग्य ती व्यवस्था'. मराठीत सांग ना सरळ, मारणार म्हणून. एवढं लिहायला लाज वाटली आणि सही मागायला नाही वाटली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. ससा नेला तिने, हो, वाईट झालं, तुझ्या सात वर्षांच्या पोरीचा ससा, तिने नाव ठेवलेला, तिला रडताना ऐकलंय मी खिडकीतून. तेव्हा यायला हवं होतं मी. नाही आले. — ते राहू दे. चणे संपव.

मला हे सगळं कुठून माहीत? कानांमागचा ठिपका आणि पायांचं? माझ्या मुलीकडून. कादंबरी. तू नाही बघितलेली, ती पश्चिमेला असते, जखमी रानटी जनावरांचा दवाखाना आहे, तिथे काम करते. मी डॉक्टर म्हणून सांगायचे लोकांना, ती डॉक्टर नाही, ती पिंजरे धुते, औषधं पाजते, पंख बांधते. आता खरं सांगते, पूर्वी नाही सांगायचे. आणि ऐक, तुझ्या त्या हायस्कूलचा बॉबकॅट — मैदानात तो पोशाख घालून नाचतो तो, मॅस्कॉट — तो दीड वर्ष कादंबरी होती. हो. अकरावी-बारावीत. माझी मुलगी. काय बघतोयस? तेव्हा मला पण माहीत नव्हतं. त्यांचा नियम असतो, आत कोण आहे ते कोणाला कळता कामा नये, आणि पोशाख अंगावर असताना एक शब्द बोलायचा नाही. काहीही होवो, कोणी पाडलं, कोणी शेपूट ओढलं, बोलायचं नाही आणि डोकं काढायचं नाही. मला सांगायची, गणिताच्या टीमची प्रॅक्टिस आहे. घरी यायची ती घामाने निथळत, केस चिकटलेले. म्हटलं गणितं सोडवताना घाम येतो का गं? तर म्हणायची, अवघड होती, आई.

बेसमेंटमध्ये चार पायांवर चालायची. मी वरून डोकावले एकदा, तर फरशीवर खडूने ठसे काढलेले आणि ही मागचा पाय पुढच्या ठशात ठेवत, हळू, परत परत. मला म्हणाली योगा. आणि मी माझ्या मैत्रिणीला, उल्काला, फोनवर सांगितलं, आमची कादंबरी योगा करते हल्ली. — त्याच उल्काने सांगितलं मग मला. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीच्या मीटिंगला, पंधरा बायकांत, हसत हसत. तिच्या मुलीला शाळेतून कळलं होतं. म्हणाली, बाई, तुझी लेक शेपूट लावून नाचते. पंधरा बायका हसल्या. वाईट हसल्या असं नाही, पण हसल्या. आणि घरी येऊन श्रीरामला सांगितलं तर तो काही बोलेना. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्याला माहितेय. पहिल्यापासून माहितेय. हाच तिला सोडायला जायचा. बापाला सांगितलं होतं तिने, मला नाही. मला का नाही, हे त्याला शेवटपर्यंत विचारलं मी, आणि तो म्हणायचा, तुझं तूच ठरव. तीन वर्षं झाली त्याला जाऊन, अजून ठरवतेय.

मग काय, मग मी गेले. पुढच्याच शुक्रवारी, शाळेची मोठी मॅच होती, जुने विद्यार्थी वगैरे सगळे आलेले, बाकं भरलेली. मध्यंतरात तो बॉबकॅट मैदानाच्या कडेने आला, लहान मुलांना पंजा देत देत, आणि मी कठड्याच्या दारातून आत गेले. कोणी अडवलं नाही, साडी होती अंगावर, त्यांना वाटलं असेल कार्यक्रमातलंच काहीतरी. मी तिच्यापुढे उभी राहिले आणि म्हटलं, कादंबरी, चल घरी. ती नाही बोलली. मान हलवली — ते एवढं मोठं डोकं, हसरं, आणि ते नाही नाही करतंय. म्हटलं, चल म्हणते ना. ती दोन पावलं मागे गेली आणि लोक हसायला लागले, त्यांना वाटलं गंमत चाललीये. मी कानाला धरलं. लहानपणी धरायचे तसंच, दुसरं काही मनात नव्हतं माझ्या, आणि ओढलं. तर कान हातात आला आणि डोकं निघालं. आतमध्ये ती. लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, माझ्याकडे बघत. सतरा वर्षांची होती. आणि मी म्हटलं — मोठ्याने म्हटलं, मराठीत, पण समोर मंडळातली चार कुटुंबं बसली होतीच — म्हटलं, माकडासारखं नाचायला आणलं का तुला ह्या देशात? तरी ती बोलली नाही. डोकं माझ्या हातातून घेतलं, परत घातलं, एका कानाचं, आणि चालत आत गेली. नियम पाळला तिने. तेव्हापासून पाळतेच आहे.

नाही, तसं नाही, त्याच दिवसापासून नाही. थोडं बोलायची. जेवायला येते, नाही येत, एवढं. ते खरं बंद झालं ते नंतर, त्या ईमेलनंतर. — कुठला ईमेल म्हणजे काय, असाच एक. एका कॉलेजने तिला बोलावलं होतं, डोंगरातलं कॉलेज, त्यांच्याही टीमचं नाव बॉबकॅट्स, ह्याच कामासाठी स्कॉलरशिप देत होते. देतात म्हणे इकडे. जनावरांचा अभ्यास पण तिथेच होता, म्हणून तिला जायचं होतं, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? तिचा लॅपटॉप किचनमध्ये उघडा होता. मी दोन ओळी लिहिल्या, आभारी आहे, पण मला रस नाही, आणि खाली तिचं नाव. पाठवून दिलं. पोळ्या लाटत होते, पिठाच्या हातांनी लिहिलं. त्यावरूनच सापडलं तिला, बटणांवर पीठ होतं. आता तू माझ्याकडे असा बघू नकोस. तुझी आन्या सतरा वर्षांची होऊ दे, मग बघ माझ्याकडे. आईने मुलीच्या भल्यासाठी एक ईमेल केला, त्यात काय एवढं — आठ वर्षं. आठ वर्षं गप्प बसण्याएवढं होतं का ते? होतं. तिच्या जागी मी असते तर दहा बसले असते. तिचा हट्ट माझाच आहे, बापाचा नाही.

श्रीराम गेला तेव्हा आली होती. चार दिवस राहिली, सगळं केलं, भटजींना आणलं, पाहुण्यांचं पाहिलं. माझ्याशी बोलायचं असलं की उल्काला सांगायची, आईला म्हणावं बीपीची गोळी घे. मी समोर बसलेली. आणि मी पण वेडी, उल्कालाच उत्तर द्यायचे, तिला सांग घेतली. मेसेज पाठवायचे मी, वाढदिवसाला, दिवाळीला, उगाचच पण. वाचलेलं दिसायचं, निळ्या खुणा यायच्या, तेवढ्यावर दिवस जायचा माझा.

आणि मग ह्या फेब्रुवारीत ही आली. संध्याकाळी, बर्फ पडून गेलेला, डेकवर त्या कुंडीशेजारी बसली होती पाय पोटाखाली घेऊन. मी आधी मांजरच समजले. मग शेपूट दिसली. मी काचेच्या आतून फोटो काढला आणि कादंबरीला पाठवला, काही लिहिलं नाही, नुसता फोटो. चार मिनिटं लागली, अनीश. चार मिनिटांत उत्तर आलं. पंजा. ते छोटं चित्र असतं ना फोनमध्ये, पंजाचं, ते. मी उभी होते ती खाली बसले तिथेच, किचनच्या फरशीवर. आठ वर्षांनी माझ्या मुलीने मला काहीतरी पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी परत फोटो, परत पंजा. तिसऱ्या दिवशी लिहिलं तिने, इंग्लिशमध्ये, मादी आहे, दोन वर्षांची असेल. मी रात्रभर — जाऊ दे. तर आता तुला कळलं असेल मी सही का नाही करणार. ती नुसतं जनावर नाही माझं. ती नसेल तर मी माझ्या मुलीला पाठवू काय? अंगणातली मेथी?

पण मध्येच येईना झाली. दोन दिवस नाही, तीन दिवस नाही. म्हणून मग थोडं ठेवायला लागले बाहेर. थोडंच. हसू नकोस — दूधभात. मांजराला दुसरं काय घालतात आपल्याकडे? ताटलीत मऊ भात कालवला आणि ठेवला. तिने वासही घेतला नाही. पण खारी आल्या, उंदीर आले, क्रीकवरचे ससे आले भात खायला, आणि मग त्यांच्यामागे ती आली. म्हणजे आलीच शेवटी. पण डेकवर रोज काहीतरी फाटलेलं पडायला लागलं, सकाळी उठून पिसं आणि शेपट्या झाडा, मला ते बघवेना. आम्ही घरात अंडंसुद्धा आणलं नाही कधी. त्यापेक्षा म्हटलं विकतचं बरं. म्हणून कोंबडी. हो, मी. तंगड्या मिळतात पाकिटात. गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये ठेवायचे, वेगळी ताटली, वेगळा चिमटा, हातमोजे, घालून झालं की आंघोळ. दुकानात ते आपलं आपण बिल करायचं मशीन असतं तिथे जायचे, कोणी बघू नये म्हणून. तरी एकदा उल्का भेटलीच, चार पाकिटं माझ्या बास्केटमध्ये. म्हणाली, अगंबाई, हे काय? मी म्हटलं, शेजारच्यांची आहेत, नागपूरचे आहेत ते, त्यांना रोज लागतं. — तुझं नाव सांगितलं. आता मंडळात तुला कोणी रोज कोंबडी खाणारा म्हणालं तर ते माझ्यामुळे. सॉरी म्हणणार नाही, तुम्ही खाताच.

कादंबरीने विचारलं होतं. मे महिन्यात, सरळ. आई, तू तिला खायला घालत नाहीस ना? पहिल्यांदा 'आई' लिहिलं होतं, आणि त्याच वाक्यात हे. मी लिहिलं, छे, मी कशाला, आपण कुठे आणतो ते. तिने लिहिलं, घालू नकोस, माणसाने घातलेलं खायची सवय लागली की शेवटी माणूसच मारतो त्यांना. मी लिहिलं, बरं. आणि त्या संध्याकाळी दोन तंगड्या ठेवल्या.

मग श्रावण लागला. आता श्रावणात कोंबडी आणायची का घरात? मी खात नाही, कबूल, पण फ्रीझर माझा, हात माझे, त्याच हातांनी देवाला फुलं वाहायची? मी बंद केलं. महिनाभर. आम्ही नाही का एक वेळ जेवत, तिलाही राहू दे, म्हटलं. जनावराला काय कळतं श्रावण — तेच म्हणतेय मी, जनावराला काय कळतं. साडेसहाला यायची रोजच्यासारखी, बघायची, जायची. आणि दुसरा शुक्रवार आला. जिवती मुलांसाठी पुजतात, माहितेय ना, आईने मुलांना ओवाळायचं, आणि मुलं लांब असली की चारी दिशांना अक्षता टाकायच्या, जिथे असतील तिथे पोचतात. मी इथे बसले होते, ह्याच पाटावर. कहाणी वाचली, दिवा ओवाळला, पश्चिमेकडे मूठभर जास्त टाकल्या. आणि ती काचेपलीकडे बसली होती. रिकाम्या ताटलीसमोर. डेकवर लावलेल्या कॅमेऱ्यात आहे — होतं — तासभर बसली होती ती, अनीश. हलली नाही. घराकडे बघत. मी आत मुलगी सुखरूप राहू दे म्हणून दिवा फिरवतेय आणि ती बाहेर उपाशी. साडेसातला उठली आणि पायरी उतरून तुमच्याकडे गेली. तुमच्या डेकवर ते सशाचं जाळीचं खुराडं. पुढचं मी ऐकलं. आन्याचं ओरडणं ऐकलं. आणि मी काय केलं? फोन घेतला आणि तो तासाभराचा व्हिडिओ पुसून टाकला. मुलीला कळेल म्हणून. तुला नाही भ्यायले मी, तुला कशाला भिऊ.

तेव्हा हे असं आहे. घाल कागदावर काय घालायचं ते. अकरा घरांना सांग, नीला काकूने घातलं खायला आणि नीला काकूनेच उपाशी ठेवलं. पिंजरा लावायचा तर मला लावा. — बोल ना. आता बोलत का नाहीस? एवढं ऐकून नुसता मान हलवतोस? ओरड माझ्यावर. तुझ्या मुलीचा ससा गेला माझ्यामुळे, आणि तू चणे खातोयस.

काय? — माहीत होतं म्हणजे? कधीपासून? कोणी सांगितलं तुला, सलोनीने बघितलं का मला ताटली ठेवताना? नाही? मग?

कोणाला फोन केलास?

तुला नंबर कोणी दिला तिचा? आपल्या कॉलनीच्या असोसिएशनच्या फॉर्मवरून. हो, मीच लिहिला होता, इमर्जन्सी कॉन्टॅक्ट. दुसरं कोण आहे माझं लिहायला. पण तुझी काय हिंमत अनीश, मला न विचारता — उचलला तिने? लगेच? काल संध्याकाळी. किती वेळ बोललात? वीस मिनिटं. वीस मिनिटं तुझ्याशी बोलली ती, तू कोण लागतोस तिचा? कशी — आवाज कसा होता तिचा? नाही, काय म्हणाली ते नंतर सांग, आधी आवाज सांग. सर्दी झाल्यासारखा वाटत होता का? तिला ह्या दिवसांत होते. मराठीत बोलली? सगळं मराठीत? माझं नाव घेतलं का आई म्हणाली? — आई म्हणाली. बरं. बरं. पाणी दे मला तिथलं.

तिनेच सांगितलं तुला. न विचारता. म्हणजे मे महिन्यापासून ओळखलं होतं तिने, फोटोत ताटलीची कड दिसायची. आणि तरी पंजा पाठवत राहिली. आणि तुला म्हणाली मला सांगू नको, मग का सांगितलंस? तोंडात तीळ भिजत नाही तुझ्या. सांग आता पुढचं. — पिंजरा नको म्हणाली. मग हा कागद कशाला घेऊन आलास माझ्याकडे? मी खरं सांगते का ते बघायला. शाब्बास. शेजारच्या म्हाताऱ्या बाईची परीक्षा घ्यायला आलास, जिवतीचे चणे खाऊन. पास झाले की नापास?

काय करायचं म्हणाली ती? ताटली आत घ्यायची. महिनाभर कोणी काही ठेवायचं नाही, कोणीच, तुमच्या कचऱ्याच्या डब्यालापण झाकण. आणि दिसली की ओरडायचं, भांडी बडवायची, भीती वाटेल असं. पाणी मारायचं. म्हणजे परत जाईल क्रीकपलीकडे आणि जगेल. — कोणी बडवायची? मी? तू कर ना, तुझा ससा गेलाय, तुला जमेल. नाही, काय म्हणाली? ती माणसाला ओळखते, खायला घालणाऱ्यानेच हाकलायला पाहिजे. असं म्हणाली. नक्की असं म्हणाली? आईला जमेल, म्हणाली. हसत म्हणाली की रडत? — नको सांगूस.

किती वाजले? साडेसहा. वळू नकोस, आणि हलू नकोस. तुझ्या मागे, काचेपलीकडे. आलीये. ती बघ कशी बसलीये, ताटली नाही तरी ताटलीच्या जागी. बारीक झालीये महिन्यात, बरगड्या दिसतात. डावीकडच्या कपाटात पितळी परात आहे, काढ, आणि ती पळी दे. तो कागद फाड आधी. फाड माझ्यासमोर. हां. आता फोन घे तुझा आणि व्हिडिओ काढ. फोटो नको, व्हिडिओ, आवाज यायला पाहिजे त्यात. तिला पाठव, तुझ्याच फोनवरून पाठव. तिला ऐकू दे. काच मी सरकवते, तू मागे थांब. काही झालं तरी मला थांबवायचं नाही, आणि डोळ्यांत पाणी आलं तर ते काढायचं नाही त्यात. झाल्यावर दार ओढून घे आणि मॅचला जा, मला कोणी नकोय इथे.

हुश. हुश, जा. बघू नकोस माझ्याकडे. जा म्हणते ना — जा. तुझ्या घरी जा.